पिल्लू आणि लेकरू, दोघांनाही जपू या

(निमगाव सावा येथील महिला बचत गटाच्या रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



निमगाव साव्यातून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापा, धान्य निवडा, लेकराला मांडीवर घ्या आणि कान तेवढा इकडे द्या. घरातलं मांजरीचं पिल्लू आणि घरातलं लहान लेकरू, या दोघांना एका छपराखाली नीट कसं ठेवायचं, हे आज सांगायचंय. विषय ऐकून कुणी हसेल. आम्हीही आधी हसलो होतो. मग आमच्याच गटातल्या एकीच्या घरी एक गोष्ट घडली आणि हसू गेलं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. तिच्या घरी मांजरीनं कांद्याच्या बराखीत तीन पिल्लं घातली. घरात तीन वर्षांचा नातू. पिल्लांचे डोळे उघडले, ती तुरुतुरु चालायला लागली, तसा नातू दिवसभर त्यांच्या मागे. सगळ्यांना कौतुक वाटायचं. एका दुपारी आजी बराखीत कांदा निवडत होती, सून मागच्या दारी धुणं धूत होती. नातवानं एक पिल्लू उचललं आणि त्याला अंघोळ घातली. त्याची आई त्याला घालते अगदी तशीच, बादलीत बसवून, साबण लावून, डोक्यावर तांब्या ओतून. मग फडक्यात गुंडाळून झोळीत निजवलं. आजी आली तेव्हा पोरगं झोळीला झोका देत होतं. म्हणालं, "आजी, हळू बोल, बाळ झोपलंय."

पिल्लू काही उठलं नाही.

घरच्यांनी पोराला रागावलं. बापानं दोन फटकेही दिले. तीन दिवसांनी अंघोळ घालताना सुनेला त्याच्या कोपरामागे दोन लांब ओरखडे दिसले. लाल झालेले, कडेनं सुजलेले. पिल्लानं जीव वाचवायला नखं मारली होती. पोरानं तीन दिवस हात लपवला, कारण पुन्हा मार बसेल ही भीती. त्याच दिवशी दवाखाना गाठला, लस सुरू झाली, पोर आता ठणठणीत आहे. पण त्या तीन दिवसांचा विचार आला की आजही त्या आजीचा जीव खालीवर होतो.

त्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा व्हायला उशीर झाला, कारण सगळ्या याच गोष्टीवर बोलत होतो. कुणी म्हणालं पोर द्वाड आहे. कुणी म्हणालं मांजर घरात ठेवूच नये. शेवटी त्या आजीच म्हणाल्या, "पोरानं त्याला जे प्रेम माहीत होतं तेच केलं. पिल्लाला कसं धरायचं, हे आम्ही त्याला कधी दाखवलंच नव्हतं." त्या एका वाक्यातून आजचं हे भाषण तयार झालं. पुढं आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं, आशाताईंना विचारलं, घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारलं. जे उमगलं ते तुमच्यापुढं ठेवतोय.

मांजर घरात नको, हे आपल्याला परवडणारं नाही. बाजरीची पोती, कांद्याची बराख, गोठ्यातली पेंड, सगळीकडे उंदीर. आणि उंदराच्या मागे साप येतो. मांजर ही आपल्या घरातली बिनपगारी राखणदार आहे. आपल्याकडे बाळ जन्मलं की पाचवी-सहावीला सटवाई पुजतात. ही सटवाई म्हणजे षष्ठी देवी, आणि तिचं वाहन मांजर. लेकरांची राखण करणारी देवी मांजरावर बसते. म्हणजे मांजर आणि लेकरू ही जोडी आपल्या आज्या-पणज्यांनाही नवीन नव्हती.

आता आधी पिल्लाचं बघू. पिल्लू जन्मतं तेव्हा आंधळं आणि बहिरं असतं. साधारण सात ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. पहिले तीन आठवडे त्याला स्वतःची ऊबही नीट राखता येत नाही, आईच्या अंगाचीच ऊब लागते. चौथ्या आठवड्यापासून ते थोडं थोडं खायला शिकतं. आणि निदान आठ आठवडे, म्हणजे दोन महिने, ते आईजवळ राहायला हवं. दूध पिण्याखेरीज ते तिथं आणखी एक गोष्ट शिकतं. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं ओरडतं आणि खेळ मोडतं. असं करत करत पिल्लाला कळतं की किती जोरानं चावायचं. महिनाभराचं पिल्लू कौतुकानं उचलून दुसऱ्या घरी नेलं, तर त्याची ही शाळा अर्धी राहते आणि मग ते आपल्या पोरांना चावतं. पाहुणे आले, पोरानं हट्ट केला, म्हणून लवकर पिल्लू देऊ नका. "दोन महिन्यांनी या, तोवर तुमचंच म्हणून ठेवतो," असं सांगा.

मांजरी सात घरं फिरवते असं आपण म्हणतो. ती उगाच फिरवत नाही. जागा गजबजली, पोरांनी सारखं डोकावलं, दिवा लावून बघितलं, की तिला धोका वाटतो आणि ती बिऱ्हाड हलवते. या हलवाहलवीत एखादं पिल्लू मागे राहतं, एखादं गाडीखाली येतं. म्हणून ती व्याली की तिला एक जागा करून द्या. जुनी पाटी किंवा खोकं घ्या, त्यात जुन्या लुगड्याची घडी घाला, आणि पोराचा हात पोचणार नाही अशा शांत, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. पहिले दोन आठवडे पोरांनी लांबूनच बघायचं. मोठ्या माणसानं दिवसातून एकदा बघावं, पिल्लं गरम आहेत ना, पोट भरलेलं आहे ना, एवढंच.

मांजरीचे दात तिच्या पिल्लाला लागत नाहीत, ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती मानगुटीला धरून पिल्लू उचलते. पोरं ते बघतात आणि तसंच उचलायला जातात. आईला दाब किती द्यायचा हे कळतं, आपल्या बोटांना कळत नाही. माणसानं पिल्लू मानगुटीला धरून लोंबकळत उचलायचं नाही. एक हात छातीखाली, दुसरा हात ढुंगणाखाली, आणि अंगाशी घ्यायचं. पाठीवर उताणं, तान्ह्या बाळासारखं तर अजिबात धरायचं नाही.

आता लेकराचं. सगळ्या वयाच्या पोरांना एकच नियम चालत नाही.

तान्हं बाळ झोळीत किंवा पाळण्यात असेल, तर मांजर त्या खोलीत नको. मांजर बाळाचा श्वास ओढून घेते असं काही नसतं. ती फक्त ऊब शोधते, आणि बाळाची झोळी ही घरातली सगळ्यात उबदार जागा. पण चार-पाच महिन्यांच्या बाळाच्या तोंडाशी ती वेटोळं करून झोपली, तर बाळाला तिला ढकलता येत नाही. म्हणून बाळ झोपलेलं असताना दार लावा. दार नसेल तर मच्छरदाणी नीट खोचून ठेवा आणि कुणीतरी जवळ राहा.

रांगणारं बाळ ते तीन वर्षांपर्यंतचं पोर, हे वय सगळ्यात अवघड. या पोराला प्रेम येतं, पण हाताचा जोर कळत नाही. आवडलं की ते मुठीत आवळतं. शेपूट दिसली की ओढतं. या वयाचं पोर आणि पिल्लू यांना एक मिनिटसुद्धा एकटं ठेवायचं नाही. "मी इथंच आहे, चुलीपाशी," हे पुरत नाही. डोळ्यासमोर आणि हाताच्या अंतरावर हवं. ते जमणार नसेल तेव्हा पिल्लू एका बाजूला आणि पोर एका बाजूला. पिल्लांवर कोंबड्यांचं डालगं थोडा वेळ उलटं घातलं तरी चालतं. वारा लागला पाहिजे आणि वरचं वजन असं हवं की पोराला डालगं उचलता येऊ नये. मात्र आईला आत-बाहेर करता येत नाही, म्हणून तासन् तास ठेवू नका.

तीन वर्षांपुढचं पोर शिकतं, पण तोंडी सांगून नाही, हाताला हात लावून. आमच्या गटातल्या एकीनं अंगणवाडीत बघितलेला एक खेळ सांगितला. पोराला खाली मांडी घालून बसवायचं. उभ्यानं पिल्लू हातात द्यायचं नाही, कारण पोर दचकलं की पिल्लू वरून पडतं. मांडीवर टॉवेल टाकायचा. पोराचा हात आपल्या हातात घ्यायचा आणि आधी त्याच्याच गालावरून फिरवायचा. "असा हळू. आता तसाच पिल्लाच्या पाठीवरून." डोक्यापासून शेपटीकडे, उलटा नाही. पिल्लू उठून जायला लागलं की जाऊ द्यायचं. पाच मिनिटं झाली की खेळ संपला. सात-आठ वर्षांच्या पोरीला तर पिल्लाच्या पाण्याची वाटी भरायचं काम द्या. काम दिलं की पोरं जबाबदारीनं वागतात.

पोराला पिल्लाच्या खुणाही शिकवा. कान मागे पडले, शेपूट फटाफट आपटायला लागली, अंगावरचे केस उभे राहिले, फिसकारलं, तर त्याचा अर्थ "आता पुरे". पिल्लू खात असताना, झोपलेलं असताना, आईचं दूध पीत असताना हात लावायचा नाही. आणि हाताची बोटं नाचवून पिल्लाला खेळवू नका. आज ते गोड दिसतं, चार महिन्यांनी तेच पिल्लू बोट दिसलं की चावायला धावतं. दोरीला चिंधी बांधा आणि तिच्याशी खेळवा. खेळ झाला की दोरी उचलून ठेवा. गोधडी शिवताना सुई-दोरा खाली टाकून उठू नका. दोरा पिल्लू गिळतं आणि आतडी आवळतात. सुई पोराच्या पायात जाते.

आता घरात एक चक्कर मारू. पिल्लाला आणि पोराला धोका कुठं कुठं आहे ते बघू.

पहिली चूल. रात्री चूल विझते, पण राख उबदार राहते, आणि पिल्लं राखेत जाऊन झोपतात. सकाळी अंधारात आपण काटक्या सारतो आणि काडी लावतो. आधी उजेड करून चुलीत बघा, बंबाच्या खालीही बघा. रात्री चुलीच्या तोंडाला पत्रा लावला तर सगळ्यात बरं.

दुसरी गाडी. थंडीत मोटारसायकल, पिकअप, ट्रॅक्टर यांच्या इंजिनाशी पिल्लं दडतात. गडीमाणसांना सांगा, चालू करायच्या आधी गाडीवर दोन थापा मारा. अंगणात खेळणारं आपलं पोरही तेवढ्यात बाजूला होतं.

तिसरा पाण्याचा हौद, पिंप आणि बादली. पिल्लू काठावर चढतं आणि आत पडतं. पोरही तसंच पडतं. हौदावर झाकण टाका, बादल्या वापरून झाल्या की उपड्या करा.

चौथं विष. उंदराच्या औषधाची पुडी पिठात कालवून ठेवली, तर ती पिल्लू खाऊ शकतं, पोर खाऊ शकतं, आणि विष खाल्लेला उंदीर मांजरीनं खाल्ला तर तीही मरते. मांजर पाळायची असेल तर घरात उंदराचं विष नको. पिवसा किंवा गोचीड झाल्यात म्हणून गुरांच्या गोचिडाचं औषध पिल्लाच्या अंगाला अजिबात लावू नका. गाय-बैलाला चालतं ते औषध मांजराला मारतं. तापाची आपली पांढरी गोळी, पॅरासिटामॉल, तिचा तुकडासुद्धा मांजराला जीवघेणा आहे. डांबराच्या गोळ्याही वर ठेवा.

पाचवी गोष्ट ऐकून आम्हालाही नवल वाटलं. कांदा. आपल्या घरी कांद्याशिवाय कालवण नाही, बराखी कांद्यानं भरलेल्या. पण कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला बाधतो, रक्त पातळ पडतं, पिल्लू अशक्त होऊन मरतं. उरलेलं रस्सा-भाकरीचं पिल्लापुढं ओतायचं नाही. मग द्यायचं काय? चार आठवड्यांपुढच्या पिल्लाला उकडलेलं अंडं कुस्करून, बिनमसाल्याचं, हाडं काढलेलं कोंबडीचं मटण किंवा मासळी. नुसत्या दूध-भाकरीवर मांजराचं पोषण होत नाही, तिला मांस लागतंच. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी निदान अंडं द्यावं. आणि पाण्याची वाटी कायम भरलेली असावी. गाईचं दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही, हगवण लागते आणि एवढासा जीव एका दिवसात वाळून जातो.

एखाद्या पिल्लाची आई खरंच मेली, तर आधी पाजायचं नाही, आधी ऊब द्यायची. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. बाटलीत कोमट पाणी भरा, फडक्यात गुंडाळा, पिल्लाशेजारी ठेवा. मग पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारा. मांजरीच्या पिल्लांसाठी वेगळी दुधाची पावडर मिळते. पाजताना पिल्लू पोटावर ठेवायचं, उताणं नाही. उताणं पाजलं की दूध फुप्फुसात जातं. पहिले तीन आठवडे पाजून झालं की कोमट ओल्या कापसानं त्याच्या शी-शूच्या जागी हलकं पुसायचं. आई चाटून तेच करते. त्याशिवाय त्याला होत नाही.

आता स्वच्छता. मांजराला मऊ माती आवडते. घराचं बांधकाम चालू असेल तर वाळूच्या ढिगाऱ्यात ती घाण करते आणि त्याच वाळूत आपली पोरं किल्ले बांधतात. वाळूवर ताडपत्री टाका. मांजरीला कोपऱ्यात घमेलंभर माती किंवा राख ठेवून द्या, आणि ते रोज साफ करा. पिल्लाला जंत असतात, ते पोरांना होऊ शकतात. पिल्लाच्या अंगावर गोल गोल केस गेलेले दिसले तर ते गजकर्ण असू शकतं आणि ते पोरांना लागतं. म्हणून पिल्लाला जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या, आणि पिल्लाशी खेळलं की साबणानं हात धुवायचे, हा पोराचा नेम करा. जेवताना पिल्लू ताटाशी नको.

घरात सून गरोदर असली की काही घरांत मांजरीला पोत्यात घालून सोडून येतात. तेवढं करायची गरज नाही. मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू जाऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला बाधू शकतो, हे खरं. पण उपाय सोपा आहे. मांजरीची घाण गरोदर बाईनं काढायची नाही. ते काम नवऱ्यानं किंवा सासऱ्यानं करावं, आणि रोज करावं, कारण ताजी घाण लगेच बाधत नाही, एक-दोन दिवस पडून राहिली की बाधते. भाजी धुऊन खावी, मटण पूर्ण शिजवावं, मातीत काम केलं की हात धुवावेत. बायांनो, नवऱ्याला एक काम जास्त लागतं, मांजर मात्र घरात राहू शकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे ऐकताना हातातलं काम खरंच थांबवा.

मांजरीनं चावलं किंवा नखानं रक्त काढलं, तर तो रेबीजचा धोका आहे. रेबीज म्हणजे आपण ज्याला कुत्रं पिसाळणं म्हणतो तोच. पिसाळलेल्या कुत्र्यानं मांजराला चावलं की मांजरही पिसाळतं, आणि मांजर लहान आहे म्हणून धोका लहान होत नाही. हा आजार एकदा अंगात दिसू लागला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो होत नाही.

करायचं काय? जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं खूप वाटतात, पोर रडतं, तरी धुवायची. हळद, चटणी, चुना, तंबाखू, डिझेल, काही म्हणता काही लावायचं नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही. आणि त्याच दिवशी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नारायणगावचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. पहिला डोस घेतला तो दिवस शून्य धरायचा, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दोन डोस झाले, पोर खेळतंय, आता कशाला, असं म्हणून मध्येच सोडायचं नाही. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेतही एक इंजेक्शन देतात, त्याला नाही म्हणू नका. मांजरीला मारू नका. तिला दहा दिवस नजरेखाली ठेवा, आणि ती आजारी पडली किंवा मेली तर डॉक्टरांना कळवा. घरच्या मांजरीला तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस टोचून घ्या, आणि ती दरवर्षी चालू ठेवा.

पण मैत्रिणींनो, हे सगळं केव्हा? पोरानं सांगितलं तर. त्या नातवानं तीन दिवस हात लपवला, कारण त्याला मार बसला होता. घरात एक गोष्ट पक्की करा. "मांजरीनं ओरबाडलं तर लगेच येऊन सांग. सांगितलंस तर कुणी रागावणार नाही." आणि तो शब्द पाळा. चूक पोराची असली तरी त्या वेळी नाही. आधी जखम, मग दवाखाना, मग शिकवण.

आता आपल्या भागातली एक खास गोष्ट. पोरं पिल्लू आणतात कुठून? कधी शेजारून, कधी रस्त्यावरून, आणि कधी उसातून. कुकडीचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्यानं घर केलं, हे तुम्हा-आम्हाला नवं नाही. बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते. त्याच उसात रानमांजर राहते. वाघाटी राहते. वाघाटी म्हणजे अंगावर तांबूस ठिपके असलेली, आपल्या घरच्या मांजरीपेक्षाही लहान अशी रानातली मांजर. जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांत तिची गणती होते. ऊसतोड चालू झाली की सरींमध्ये ही पिल्लं उघडी पडतात. पोरं म्हणतात, "आई, मांजरीचं पिल्लू सापडलं." ते मांजरीचं असेल, वाघाटीचं असेल, बिबट्याचंही असेल. लहानपणी सगळीच गोंडस दिसतात.

म्हणून नियम एकच. शेतात पिल्लू दिसलं तर कुणाचं आहे हे ओळखत बसायचं नाही, हात लावायचा नाही, फोटो काढायला थांबायचं नाही. पोरांना घेऊन शांतपणे मागे फिरायचं आणि तोड थांबवायला सांगायची. ते पिल्लू आईनं टाकलेलं नसतं. ती शिकारीला गेलेली असते किंवा माणसांची चाहूल लागून जवळच दडलेली असते. बिबट्याची मादी असेल तर पिल्लू उचलणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. वनखात्याचा 1926 हा मोफत नंबर फिरवा. माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारण केंद्र आहे, वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था तिथं काम करते. त्यांचे डॉक्टर येऊन पिल्लू तपासतात, आणि संध्याकाळी सापडलं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. अंधार पडला, माणसं लांब गेली, की आई येते आणि तोंडात धरून घेऊन जाते. बिबट्याची पिल्लं आणि वाघाटीची पिल्लं अशी कितीतरी वेळा आपल्याच तालुक्यात आईकडे गेली आहेत. रानातलं पिल्लू घरी पाळणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाही आहे.

शेवटचं. पिल्लं फार होतात, हीच पुष्कळांची अडचण. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, आणि पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. मग पिल्लं पोत्यात घालून बाजारात किंवा नदीकाठी सोडली जातात. पाळीव जनावर असं टाकून देणं 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि आपली पोरं ते बघत असतात. काल ज्याला हळू हात लावायला शिकवलं, त्यालाच आज पोत्यात घातलेलं बघून पोरानं काय शिकायचं? मांजरीचं ऑपरेशन करता येतं. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. एकटीला गाडीभाडं परवडत नसेल तर गटातल्या चार-पाच जणींनी मिळून मांजरी न्या. आम्ही तसं ठरवलं आहे आणि त्यासाठी गटातून थोडी रक्कम बाजूला काढली आहे.

त्या घरी उरलेली दोन पिल्लं मोठी झाली. एक बोका शेजारी दिला, मांजरी घरीच आहे. नातू आता अंगणवाडीत जातो. परवा आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. शेजारची एक लहान मुलगी आली आणि मांजरीला उचलायला वाकली. नातू म्हणाला, "उभी राहू नको. आधी खाली बस. मग ती येईल." आजीनं आमच्याकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही.

या आठवड्यात तुमच्या गटाच्या बैठकीत तीन कामं करा. दवाखान्याचा आणि 1926 हा नंबर प्रत्येकीच्या दाराच्या आत लिहून ठेवा. ज्यांच्या घरी पिल्लं आहेत त्यांनी चूल, हौद आणि औषधाच्या पुड्या एकदा बघून घ्या. आणि आज रात्री जेवताना पोरांना सांगा, ओरबाडलं तर लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही.

येतो आम्ही. काळजी घ्या, लेकरांची आणि पिल्लांची. नमस्कार.